आधार दुरुस्ती

३ फेब्रु.
पुढची केमो सतराला. डॉक्टर म्हणाले, आता तनूच्या रक्ताचे आकडे फार खाली जातील, महिनाभर मुंबईतच राहा, रोह्याहून एसटीची ये-जा नको. हॉस्पिटलजवळ, आमची नोंद आहे त्या मदत करणाऱ्या संस्थेच्या खोल्या आहेत. विचारायला गेले. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "तुमची फाईल हिरवी आहे. खोल्या लाल फाईलवाल्यांना."
हिरवी म्हणजे घरची बाजू भक्कम. कुणाची, माझी? तनूचा बाप दिवाळीपासून पेणला, रामवाडीत भावाकडे. म्हणे, "मला तिच्याकडे बघवत नाय." मला फार बघवतं ना!

५ फेब्रु.
संस्थेत फोन केला. म्हटलं, माझी फाईल हिरवी कुणी केली ते तरी सांगा. तिने वाचून दाखवलं : आधार – भक्कम.
मग आठवलं. पॅकिंगला शिफ्टवर होते, मशीनचा खडखडाट, तेव्हा संस्थेतून कुणी बाई फोनवर विचारत होती, "घरात आधार आहे ना?" मी म्हटलं, "आहे, तिघांचंही आहे. झेरॉक्स पाठवू?"
झेरॉक्स! तेवढं ऐकूनही त्या बाईच्या डोक्यात प्रकाश पडू नये? रेशनला, शाळेत, हॉस्पिटलात, जिथे जाईन तिथे आधार म्हणजे कार्डच मागतात. माणसाबद्दल विचारायचं तर माणूस म्हणा ना. आधी हसत सुटले, मग इतकी चिडले की हातातला डबा आपटला. तनू दचकली.

७ फेब्रु.
दुरुस्ती होते म्हणे. पण "तुमच्या एकटीच्या सांगण्यावर नाही. घरचं नाहीतर शेजारचं, ओळखीचं मोठं माणूस आणा, खात्री करायला."
म्हणजे माझ्यामागे कुणी नाही हे सांगायला मी कुणीतरी घेऊन जायचं! शहाण्यांनो, कुणी असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते? फोनवरच ओरडले. ठेवून दिला तिने.
तनूच्या बापाला लावला. म्हणाला, "बघतो." ज्याला बघवत नाही तो बघणार. कप्पाळ!

८ फेब्रु.
शेजारच्या यशोदाकाकूंना विचारलं. वडखळकडच्या, उभा जन्म मिठागरात गेला. मी शिफ्टला गेले की तनू त्यांच्याकडेच असते. औषधानंतर ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही, त्यांचा मऊ भात तेवढा खाते.
"येते गो. त्यात काय एवडं?"
सुटले एकदाची.

१० फेब्रु.
संस्थेच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.
रोह्याहून निघाल्यावर एसटीत काकूंना पढवलं. "जास्त बोलू नका. एवढंच सांगा, हिला कुणी नाही."
खांब गेलं, कोलाड... नाही, कोलाड आधी. पार वडखळपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुला कोनी नाय. बरां. मंग मी कोन गो?"
तनू त्यांच्या मांडीवर झोपलेली.
आत आधी त्यांनाच एकटीला बोलावलंय. दार लावून घेतलं. काकूंना खोटं बोलता येत नाही. 'मी हाय ना' म्हणाल्या की फाईल हिरवीच राहील, खोली गेली. आणि 'कोनी नाय' म्हणाल्या तर खोली मिळेल, पण मग रोह्याला परत गेल्यावर कुठल्या तोंडाने त्यांना –
दार उघडलं.