शेंदूर लावलेले हाड

सर,

केळापूरच्या पलीकडचा तो नाला आता गिट्टीखदान झाला आहे. वरचा काळा पाषाण क्रशरमध्ये जातो; त्याखालचा पांढुरका चुनखडीचा थर, ज्यासमोर आपण आम्हांला तासन्‌तास उन्हात उकिडवे बसवत होता, तो निरुपयोगी म्हणून ढिगाऱ्यावर फेकला जातो. त्या थरातून मांडीएवढा एक दगड डोकावत असे. आपण म्हणालात, हे डायनासोरचे हाड. महाविद्यालयातील विद्वज्जन हसले आणि खुर्चीवरून न उठता त्यांनी निर्वाळा दिला, 'गोटा आहे.' कुणी जाणकार येऊन पाहील, याची वाट पाहतच आपण गेलात.

यंदा पोकलेन त्या दगडाला भिडायला आले. मी ग्रामसभेत भूवैज्ञानिक वारशावर प्रदीर्घ, प्रासादिक आणि सर्वथा निष्फळ भाषण केले. मागून एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, कायले घसा कोरडा करून राह्यले? शेंदूर लावा ना त्याले. मंग पाहा कोन हात लावते." अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्याने देण्यात तारुण्य वेचलेल्या या पंडिताने पहाटे तेलात शेंदूर कालवला. शास्त्रोक्त लेपन काही साधले नाही.

यंत्र मात्र थांबले. आधी चौथरा झाला, मग झेंडा, मग मंगळवारचे नारळ. भोवतालचा सारा थर गेला. खड्ड्याच्या मध्यभागी तेवढा एक सुळका उरला आहे, आणि त्यावर देव.

आणि मग नागपूरहून ते आले, आपण ज्यांची वाट पाहिली ते. एक प्राध्यापक, सोबत त्यांची विद्यार्थिनी. तिने पिशवीतून छिन्नी काढली. "एवढासा टवका मिळाला तरी कळेल," ती म्हणाली.

"देवाले छिन्नी लावून राह्यली काय वं पोरी?" म्हातारी उसळली. गाव गोळा झाले. "मास्तर, तुमीच सांगा याइले. देव हाये का नाही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. नाही म्हणालो असतो, तर दुपारपर्यंत पोकलेन परतले असते.

"आहे," मी म्हणालो. माझ्या हयातीतले सर्वांत संक्षिप्त भाषण.

ती दोघे जीपकडे गेली. मी मागे गेलो नाही. हे पत्र आपल्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिण्याचे धैर्य करतो: हळहळ वाटायला हवी होती, सर, वाटले ते हायसे. तो दगड हाड नव्हे, असे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही.