मागच्या एक्सलचा आवाज

आप्पा,

जीप मी नेलीय, शोधत बसू नका. येडशीच्या गॅरेजात मागचा एक्सल खोलायचाय. दुपारपर्यंत येते. भाकरी दुरडीत झाकून ठेवलीय. आईला गोळी आठवणीनं द्या.

काल चारचौघांत मी ‘तुम्हाला ऐकूच येत न्हाय’ म्हणाले, ते माझं चुकलं. तीस वर्षं तुम्ही नुसत्या आवाजावरनं गाड्यांची दुखणी ओळखली. तुम्हीच जीपला कसला आवाज न्हाय म्हणालात, म्हणून महिनाभर मीबी गप्प बसले. पण रामलिंगाच्या उतारावर मागचं चाक लई घरघरतंय, आणि मागं आई बसलेली असती.

आज सकाळी तुम्ही शिकवलं तसंच केलं. चाक जॅकवर उचललं, पेचकसाचं टोक बेअरिंगजवळ टेकवलं, मूठ कानाला लावली आणि चाक फिरवलं. जात्यात खडा पडल्यागत वाजलं. चाक हातानंसुद्धा डुगडुगत होतं, ब्रेकच्या ड्रमपर्यंत ऑईल आलंय.

जीप दारात काढली तेव्हा तुम्ही पाठमोरे लिंबाला पाणी घालत होता. दोनदा हाक मारली. मग म्हणलं, जाऊ द्या, चिठ्ठीच लिहून ठेवते.

जुनं बेअरिंग तिथं टाकून देणार न्हाय, घरी आणते. हातात धरून फिरवून बघा, तुमच्या बोटांना कळंल. मिस्त्री काहीबी म्हणू द्या, नव्या बेअरिंगवरचं चाक तुम्ही स्वतः फिरवून ‘चल’ म्हणल्याबिगर मी आईला जीपमधी बसवणार न्हाय.

अयोध्या