नावाड्याचे रक्त

सोमवार, ५ फेब्रुवारी

नातीने कालच्या खेळाचा वृत्तांत सर्वांना पाठवला. त्यात लिहिले आहे – 'कंटाळा आल्यामुळे मामा लवकर गेला.' हे साफ चूक आहे. माझा मुलगा कंटाळून गेलेला नाही.

घडले ते असे. रविवारचा आमचा फाशांचा खेळ; टेबलावर नकाशा, प्रत्येकाचे एक पात्र, आणि कथा नात चालवते. माझा योद्धा, मुलाचा नावाडी, शेजारच्या कंपाउंडरांचा वैद्य. योद्ध्याच्या तलवारीसाठी नातीने स्वतः एक शक्ती रचली आहे – रक्तबंध. अशी बांधलेली तलवार हाक मारताच हातात येते. मात्र प्रत्येक घावाला धारकाचा एक प्राणगुण पिते; ते संपले की पात्र मेले. धारक मेला, तर फक्त त्याच्या रक्ताच्या माणसाची हाक ऐकते. तसा कोणी नसेल, तर फुटते.

काल योद्ध्याचा एकच प्राणगुण उरला. वारस कोण, असा प्रश्न निघाला. कंपाउंडर हसत म्हणाले, "नावाडी बाद. ते तर नदीत सापडलेलं पोर!"

योद्ध्याने नावाड्याला नदीतून उचलून वाढवले, ही कथा मुलाने स्वतः निवडली होती. तोही आमच्या घरी असाच, बाहेरून आला. कंपाउंडरांना हे ठाऊक आहे. त्या क्षणी त्यांना भान राहिले नाही.

मुलाने फासे डबीत भरले, चपला घातल्या. "अप्पा, पुढच्या रविवारी माझी वाट बघू नका."

मंगळवार, ६ फेब्रुवारी

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही.

नात रडकुंडीला आली आहे. नियमच काढून टाकते म्हणाली. मी नको म्हटले. दयेपोटी बदललेला नियम त्याला लगेच ओळखू येईल, आणि मग तो कायमचाच गेला! जाता जाता तिने विचारले, माझे ऑपरेशन मार्चअखेरच ना? हो म्हटले.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

नियम पुन्हा वाचला. 'तलवार बांधली जाताना धारकाच्या अंगात ज्याचे रक्त असेल, तो त्याच्या रक्ताचा.' जन्माचा उल्लेख कुठेही नाही. तो आम्हीच गृहीत धरला.

आणि खेळातला पूल आठवला. योद्धा पुलावर कोसळला, तेव्हा त्याला रक्त देऊन उठवले होते. नातीच्या वृत्तांतात ते काम वैद्याचे, तारीख २८ जानेवारी – म्हणजे तलवार बांधल्यानंतरची. दोन्ही चूक! तो १४ तारखेचा खेळ होता. कंपाउंडर त्या दिवशी बहिणीकडे गेले होते. तळहात कापून रक्त दिले ते नावाड्याने. तलवार बांधली ती त्यानंतरच्या रविवारी.

नातीला दाखवले. तिने पडताळून पाहिले. घोळ आपलाच, असे कबूल केले.

शनिवार, १० फेब्रुवारी

कंपाउंडर मुलाच्या घरी जाऊन आले. काय बोलणे झाले, ते सांगत नाहीत.

रविवार, ११ फेब्रुवारी

तो आला. बसला मात्र दाराजवळच्या खुर्चीत, चपला न काढता.

योद्ध्याने शेवटचा घाव घातला आणि तो मेला. तलवार नदीत पडली. नातीने मामाला सांगितले – हाक मार.

"माझं मन राखायला नियम बदललात?" त्याने मला विचारले.

"एक अक्षरही बदललेलं नाही. पुलावर हात कोणी कापला होता?"

त्याने मान उंचावून नकाशावरचा पूल शोधला. मग हळूच म्हणाला, "वैद्य नव्हताच त्या दिवशी."

"नव्हतोच," कंपाउंडर म्हणाले. "फुकटचं श्रेय नको मला."

त्याने चपला काढल्या. टेबलाशी येऊन तळहात उघडा धरला. "ये," इतकेच म्हणाला. नातीने तलवारीचे चित्र असलेला पत्ता त्याच्या पुढ्यात सरकवला.

सोमवार, १२ फेब्रुवारी

तारखांची दुरुस्ती.

नावाड्याने रक्त दिले – १४ जानेवारी. २८ नव्हे.

तलवार बांधली – २१ जानेवारी. ही बरोबर होती.

मुलगा आमचा झाला – कागदोपत्री ९ सप्टेंबर. प्रत्यक्षात २ जून. सर्दी घेऊन आला होता.

माझी शस्त्रक्रिया – मार्चअखेर नव्हे, २० फेब्रुवारी. डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नाही. घरात कोणालाच सांगितले नव्हते. आज त्याला सांगितले.