केशरी खांबांची गोष्ट

बेकर कूली, माँटाना
१० नोव्हेंबर

तीर्थरूप इंगा आत्या यांस ऑरिनचा सादर नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात तो एव्हाना नीट वाकू लागला असेल. इकडे आम्ही सगळे (मी, कुत्रा आणि दोनशे चौदा गाई) सुखरूप आहोत. दर नाताळला तू पाठवतेस त्या लोकरी मोज्यांमुळे यंदा माझी मोठी चिंता मिटली, त्याबद्दल आभार.

रँचमधला तुझा अर्धा हिस्सा त्या टेक्ससच्या गृहस्थाला विकायचा की नाही, हे तू या महिनाअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणाला ठरवणार आहेस असे कळले. कृपया घाई करू नकोस. गाईंच्या पाण्याचा पंप बंद पडला म्हणून मला रँच झेपत नाही असे तुला वाटते. पण मी पैशांची सोय लावली आहे. सरकारच्या शिकार-प्रवेश योजनेत मी आपले नाव घातले. आपण लोकांना जमिनीवर मोफत शिकार करू द्यायची, येणाऱ्याने फाटकावरच्या पेटीत चिठ्ठी भरून टाकायची आणि चिठ्ठ्यांच्या हिशेबाने सरकारने आपल्याला मोबदला द्यायचा. (शिकाऱ्यांविषयी तुझे मत मला ठाऊक आहे. एकाने फाटक उघडे टाकले आणि तुझ्या गाई चर्चमधल्या लग्नाला हजर झाल्या, हे मी विसरलेलो नाही.)

हंगामाच्या पहिल्या पहाटे मी पेटीत टोक केलेल्या तीन पेन्सिली ठेवल्या आणि नियमांचा फलक लावला. बारा गाड्या आल्या. प्रत्येक गाडी थांबली, आतल्यांनी फलक वाचला, कुंपणाकडे पाहिले आणि गाडी वळवली. मला वाटले, नियम जास्त झाले (चौतीस होते), म्हणून एकोणीस केले. दुसऱ्या दिवशीही तेच. पेटीत एकच चिठ्ठी निघाली, तीही न भरलेली, मागच्या बाजूला एवढेच लिहिलेली: 'ऑरिन, एकदा काय ते ठरव.'

तिसऱ्या दिवशी शिकार खात्याचे वॉर्डन क्रिबेलकाका आले. त्यांनी कुंपणाच्या एका खांबाच्या केशरी डोक्यावर बोट ठेवले.

"हे कुणी रंगवले रे?"

"आत्याने. गाई लग्नातून परत आणल्या त्याच दिवशी."

"आणि आपल्या राज्यात केशरी खांब म्हणजे काय?"

"विचारल्याशिवाय आत पाऊल टाकाल तर खटला."

"शाबास! म्हणजे फलक म्हणतोय या, खांब म्हणतोय खबरदार. अरे, लोक इंगाला ओळखतात. तिच्या रंगापुढे सरकारचा फलक कोण वाचणार?"

(त्या खांबांशेजारून मी लहानपणापासून जातो, त्यामुळे ते मला दिसेनासेच झाले होते.) शनिवारपर्यंत केशरी रंग झाकला नाही तर योजनेतून आपले नाव काढून टाकू, असे ते म्हणाले. रंग खरवडून निघेना. तू तो लाकडात पार मुरवला आहेस. वरून तपकिरी दिला, तो थंडीने पापुद्रे होऊन पडला. शेवटी मी एकेका खांबाच्या डोक्यावर आवरण चढवले. क्रिबेलकाकांनी ते पाहून टोपी काढली, कुंपणाला टेकून डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, "केशरी दिसत नाही ना? मग कायद्यात बसतं."

त्या शनिवार-रविवारी त्रेचाळीस चिठ्ठ्या आल्या. फाटक प्रत्येकामागे मी स्वतः लावले. हार्लन नावाचा एक प्लंबर म्हणाला, "पोरा, हरीण मिळालं तर तुझा पंप फुकट बघून देतो." त्याला हरीण मिळाले. गाई आत्ता, मी लिहितो आहे तेव्हा, त्याच पंपाचे पाणी पीत आहेत. तेव्हा रँच चालते, आत्या. मलाही चालवता येते.

तुझा आज्ञाधारक,
ऑरिन

ता. क. सोबत योजनेचा कागद आहे. मालक दोघे असल्यामुळे तुझीही सही लागते. ती थँक्सगिव्हिंगच्या आत आली नाही, तर त्रेचाळीस चिठ्ठ्या रद्द होतील आणि टेक्ससवाला येईल. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. परतीच्या पाकिटाला तिकीट लावले आहे.

ता. क. २. आवरणे म्हणजे तुझे मोजे. अकरा नाताळांचे, घडीसुद्धा न मोडलेले. ते मी पायात घातले असे वर कुठेही लिहिलेले नाही, पुन्हा वाचून पाहावे. खांबांना मात्र अगदी मापात बसतात.

ता. क. ३. उत्तरेकडचे, फाटकावरून न दिसणारे एकोणीस खांब अजून उघडे आहेत. यंदाचे मोजे नाताळाआधी पाठवता आले तर बरे होईल. जोडी जुळली नाही तरी चालेल. फक्त लोकर केशरी नको.