फरक पुरेसा आहे

सोमवार, २ मार्च

मिळाली एकदाची नोकरी! आणि तीही निव्वळ कानांच्या जोरावर. मुंगी शिंकली तरी हिला ऐकू जातं, असं दादा लहानपणी म्हणायचा, आणि त्यावरून घरात माझं नावच मुंगी पडलं. आज त्या मुंगीला टेबल, खुर्ची आणि किल्लीचं कपाट मिळालं. चहाही बरा आहे.

आमच्या कचेरीचं काम नव्या औषधांची नावं तपासायचं. साहेबांनी सकाळीच सगळं समजावलं. प्रत्येक औषधाला तीन नावं. एक रसायनाचं, मालगाडीएवढं लांब, ते कुणी तोंडात घेत नाही. एक कंपनीनं लाडानं ठेवलेलं, खोक्यावर ठळक छापलेलं. आणि मधलं खरं नाव, ते कुठेही गेलं तरी बदलत नाही. या खऱ्या नावाचा शेवट ठरलेला असतो. इथे त्याला सगळे शेपूट म्हणतात. शेपटावरून औषधाचं घराणं कळतं. शेवटी 'डिन' आलं की खाजेवरचं, 'डिल' आलं की रक्तातली साखर उतरवणारं.

माझी खोली लहान आहे. टेबलावर कानाला लावायचं यंत्र आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. भिंतीपलीकडे वाचक बसतो. तो एकेक नाव तीनदा वाचतो, मी ऐकू येईल ते लिहायचं. मधे दार आहे, पण ते उघडायचं नाही. बोलणाऱ्याचे ओठ दिसले की कान आळशी होतात, असं साहेब म्हणाले, आणि डॉक्टर दुकानात फोन करून औषध सांगतात तेव्हा ओठ कुठे दिसतात? मला पटलं.

वाचकानं सुरुवातीला घसा खाकरून 'हं, लिही' म्हटलं. मला हसूच फुटलं. दादा मला शुद्धलेखन घालायचा तेव्हा अगदी असंच म्हणायचा.

बुधवार, ४ मार्च

वाचक शेवटचं अक्षर गिळतो. शेपूटच गिळलं तर राहिलं काय? मी साहेबांकडे तक्रार केली. ते म्हणाले, लोक असेच बोलतात, मग चाचणीही तशीच हवी. उत्तर बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

मी इथे का आले ते कुणाला सांगितलेलं नाही. या वहीत तरी लिहिते. दोन वर्षांपूर्वी दादाच्या अंगावर गांधी उठल्या. साधी गोष्ट. डॉक्टरांनी दुकानात फोन करून टोरमाडिन सांगितलं. दुकानदारानं टोरमाडिल ऐकलं आणि तेच दिलं. जेवण झाल्यावर वहिनीनं गोळी आणि पाणी हातात दिलं. दादा सोफ्यावर आडवा झाला, दुपारचा चहा झाला की उठव म्हणाला. चहा झाला. दादा उठला नाही.

आई आजही वहिनीला ऐकवते, डोळे फुटले होते का, वाचून द्यायचं नाही? वहिनीनं उत्तर देणं केव्हाच सोडलं. भांडी घासते, आईचे पाय चेपते, खाली मान घालून जेवते. माझ्या डोक्यात तिडीक जाते. एका अक्षराचा फरक ठेवला कुणी, आणि मान खाली घालायची कुणी! मला एकच कागद हवाय, आईच्या पुढ्यात आपटायला.

सोमवार, ९ मार्च

सापडला. जेवणाच्या सुट्टीत फायलींच्या खोलीत गेले. तिथल्या चष्मेवाल्या बाई भल्या आहेत, कपाटाची किल्ली देऊन दात कोरत बसल्या.

टोरमाडिन, टोरमाडिल. दोन्हींची चाचणी झाली होती, इथेच, माझ्याच टेबलावर. वीसदा वाचलं, ऐकणारीनं बारादा चुकीचं लिहिलं. बारादा! आणि खाली साहेबांचा शिक्का, 'फरक पुरेसा आहे'.

तळपायाची आग मस्तकाला गेली. हे काय म्हणून बाईंवर ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या की तोवर दोन्ही औषधांची खोकी छापून झाली होती.

फाइलच्या शेवटी एक पत्र होतं. गोल, लहान मुलीसारखं अक्षर. वहिनीचं. तिनं या कचेरीला लिहिलं होतं आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पत्रावर 'तक्रार दाखल' असा शिक्का आणि तारीख, त्याखाली तीच तारीख आणि दोन शब्द, 'वाचक रुजू'.

याचा अर्थ विचारला. बाई म्हणाल्या, अशी तक्रार आली की नवा वाचक मिळतो, नेहमीच. मग त्यांनी किल्ली मागून घेतली आणि माझ्याकडे पाठ केली.

मंगळवार, १० मार्च

पत्राची आणि चाचणीच्या कागदाची प्रत आईसमोर ठेवली. आपटायची होती, पण हळूच ठेवली. आईनं दोनदा वाचली. स्वयंपाकघरात गेली आणि वहिनीला विचारलं, तू जेवलीस का गं? दोन वर्षांत पहिल्यांदा. वहिनी ओट्याला धरून रडली. मीही रडले.

मग वहिनी म्हणाली, झालं तुमचं काम, आता त्या कचेरीत पाऊल टाकू नका. तिला 'वाचक रुजू'बद्दल मी सांगितलं नव्हतं. त्या दोन शब्दांपायीच मी उद्या जाणार आहे.

बुधवार, ११ मार्च

सकाळी नेहमीसारखं 'हं, लिही'. मग नावं. अकराव्या नावाच्या जागी तो म्हणाला, मुंगी.

तीनदा म्हणाला. इतर नावांसारखंच, एकाच सुरात, मधे श्वास घेऊन.

हे नाव घरातल्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही. आई, वहिनी आणि — बस. आई आणि वहिनी.

तरी मी ते कार्डावर लिहिलं. सवयीनं.

गुरुवार, १२ मार्च

कार्ड साहेबांच्या टेबलावर आपटलं. पलीकडे कोण बसलंय ते सांगा, मी म्हणाले. आवाज चढला होता, बाहेरचे लोक डोकावले. साहेब चिडले नाहीत. ते म्हणाले, एका अक्षरानं जो गेला, त्याच्याइतकं जीव ओतून कोण वाचणार? आम्ही कुणाला बोलवत नाही, ते आपले येतात. आम्ही फक्त खुर्ची देतो.

मी म्हणाले, तो माझा भाऊ आहे, चाचणीचं यंत्र नाही. साहेबांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. त्यावर शिक्का मारला. फरक पुरेसा आहे.

मेलेल्या माणसालाही कामाला जुंपलंय यांनी! ज्या नावानं मारलं तसलीच नावं रोज त्याच्या तोंडून वदवून घेतात, आणि ऐकून घेतल्यावर करतात काय, तर शिक्का मारतात. मी इतकी रागावले आहे की भीती वाटायला जागा उरलेली नाही. असं लिहितेय खरं. पण यंत्र कानाला लावताना आज मानेवर काटा आला.

शुक्रवार, १३ मार्च

आज यादी संपल्यावर तो थांबला नाही. घसा खाकरला. म्हणाला, मला सोड—

शेवटचं गिळलं. सोड की सोडव?

मी भिंतीवर थाप मारली, परत सांग म्हणाले. यंत्रात पुन्हा तेच. मला सोड—

सोडव असेल तर तो माझ्याकडे मदत मागतोय. सोड असेल तर — कळत नाही. एवढे तिखट कान आणि एक अक्षर कळत नाही! दादा, नीट बोल रे. शुद्धलेखनाला पण तू असंच छळायचास.

सोमवार, १६ मार्च

वीस वेळा ऐकलं. वीस कार्डं केली. बारांवर सोडव, आठांवर सोड.

बारा जास्त आहेत.

वहिनीनं सकाळी दारात हात धरला होता. मी झटकला. तिच्यावर उगाच ओरडले. घरी गेले की माफी मागेन.

उद्या दार उघडते. आणते त्याला घरी. यांची कचेरी यांना लखलाभ.

मंगळवार, १७ मार्च

दाराला कुलूप नव्हतंच. नुसती कडी. इतके दिवस —

आत खुर्ची, माइक, नावांची यादी. कुणी नाही. खुर्ची मात्र ऊबदार आहे.

इथे स्वच्छ ऐकू येतं. मधे तार नाही, यंत्र नाही. अगदी कानाशी आला आवाज. शेवटी 'व' नव्हता. कधीच नव्हता. मला सोड, मुंगी. मला सोड आणि जा.

दादा गेला. कळलं मला, गेला तो. सुटला. खुर्ची रिकामी झाली म्हणून —

दार लागलंय. या बाजूला कडी नाही.

पलीकडे साहेबांचा आवाज. कुणाला तरी सांगतायत, ओठ दिसले की कान आळशी होतात. खुर्ची सरकली. कुणीतरी बसलं. लहान मुलीसारखा खोकला — नवीन आहे, हसतेय —

ओरडले. घसा फुटेस्तोवर शिव्या घातल्या सगळ्यांना. ऐकू जात नाही. माइकचा लाल दिवा लागला तेव्हाच माझ्या तोंडातून आवाज निघाला, आणि तो आवाज म्हणाला, हं, लिही —

यादीत पहिलं टोरमा — नाही वाचणार. मी एकच वाक्य वाचणार. तिला वाचवणार. तीनदा, नीट, शेवटच्या अक्षरासकट —

पोरी, इथून नि—