ढमीनं मोडलेली आज्ञा

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. थोरल्याने आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून दिले आहेत. मनापासून किती, ते पुढचं वाचून तूच ठरव.

काल आईकडे गेलो होतो. ढमीला हार्नेस घातला, मूठ आईच्या हातात दिली आणि मी दहा पावलं मागून निघालो. पाववाल्याच्या दुकानापर्यंत कुत्री शहाण्यासारखी चालली. तिथे पोचली आणि बसली. मी मांडीवर थाप मारली. थाप म्हणजे चल, हे मी तिच्याकडून महिनाभर घोटून घेतलंय. तर बाईसाहेब आणखी ऐसपैस बसल्या आणि माझ्या खिशाकडे बघायला लागल्या. पाववाल्याने हसत सांगितलं, की तुमच्या बहीणबाई दर रविवारी इथेच थाप मारून तिला बसवतात आणि बिस्किट चारतात. म्हणजे मी आठवडाभर विणायचं आणि तू रविवारी उसवायचं, असा उद्योग चालला आहे.

तुझ्या लक्षात राहत नाही म्हणून पुन्हा लिहितो. आईची नजर कडांकडून जात जात आता मध्ये बटणाएवढी उरली आहे. १ मार्चला श्वानशाळेच्या परीक्षक बाई येणार. ढमी पास झाली तर आई स्वतःच्या घरात राहील. नापास झाली तर कुत्री शाळेत परत, आणि आईला घर सोडून माझ्याकडे यावं लागेल. (प्राणिसंग्रहालयाच्या आवारातल्या तुझ्या दोन खोल्यांत ती राहणार नाही, हे गृहीत धरलं आहे.) बाबांनी चाळीस वर्षं अंधांसाठी कुत्री तयार केली, आणि ढमी हे त्यांनी निवडलेलं शेवटचं पिल्लू, म्हणून तर शाळेने ती आपल्या भरवशावर सोडली. बाबा म्हणायचे, की चालणं-थांबणं कुठलंही कुत्रं शिकतं. पण समोर धोका असेल तर मालकाची आज्ञा मोडायची, हे शिकायला वर्ष लागतं. ढमीला ते अजून आलेलं नाही. लाडावलेल्या कुत्र्याला ते येतही नाही.

रविवारी जाऊ नकोस. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची तसदी नको.

तुझा,
थोरला


९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. साष्टांग कागदावर घालायला कंबर दुखत नाही म्हणून घातला.

तुझं पत्र मिळालं. काल रविवारी गेले होते, पुढच्याही रविवारी जाणार आहे.

तुझी कुत्री गोदामांच्या फाटकांवर लोकांच्या अंगावर धावून जायला असतात. तिथे पट्ट्याचा हिसका चालतो. मी ज्याला शिकवते ते अस्वल मला एका फटक्यात आडवी करू शकतं. तरी महिन्यातून एकदा ते आपणहून गजांतून पंजा बाहेर काढतं आणि डॉक्टरांना रक्त घेऊ देतं, कारण त्याला ठाऊक आहे की नंतर मध मिळतो. तू हिसके देऊन त्याच्याकडून हे करून घे, मी तुझी चेली होते. तुझा हात जागेवर राहिला तर.

भीतीने शिकलेलं जनावर फक्त काय करायचं नाही तेवढंच शिकतं. बाबांचं कपाट आवरलं तो दिवस आठव. त्यांची शिट्टी कोणी घ्यायची यावरून तू आवाज चढवलास. मीही चढवला, नाही म्हणत नाही. ढमी टेबलाखालून निघाली, आईच्या गुडघ्यांना अंग लावून तिला ढकलत ढकलत स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दारात आडवी पडली. तू म्हणालास की खुळी आहे. मी म्हणते, ती तुझ्या बुटांना भिते. शिट्टी शेवटी तूच नेलीस, ते असो.

आईसाठी माझ्याकडे खिडकीशी पलंग लावून ठेवला आहे. तू खोलीला नवा रंग दिल्याचं कळलं. आईला आता रंग दिसत नाहीत, हे कोणीतरी तुला सांगायला हवं होतं.

राग असावा. तो निदान खरा असतो.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

चि. थोरल्यास आणि चि. धाकटीस,

अ. आ., दोघांत सारखे वाटून घ्या. पट्टी धरून, कार्बन घालून लिहिते आहे, म्हणजे कोणाला चार ओळी जास्त लिहिल्या यावरून वाद नको. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घ्या.

दोघांनीही माझ्यासाठी जागा लावून ठेवल्याचं कळलं. मला तुमच्या खोल्या नकोत. मला माझा जिना हवा. त्याच्या अकरा पायऱ्या पाठ आहेत आणि सातवी तुटकी आहे, तेही पाठ आहे. पाववाल्यापर्यंत एकशे चाळीस पावलं, तिथून रस्ता ओलांडला की औषधवाला. माझं जग आता एवढंच आहे आणि ते ढमीच्या जिवावर चाललं आहे. दुसऱ्याच्या घरात मला पाणी प्यायचं झालं तरी विचारावं लागेल. मला त्याची फार भीती वाटते.

म्हणून विनवते, की १ तारखेला दोघांपैकी कोणीही इकडे फिरकू नका. तुम्ही जे शिकवलंत ते पुरे झालं.

प्रकृती बरी आहे. ढमीचीही. जीव आहे तोवर माया आहेच.

तुमची,
आई


२ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. (उत्तम आज राहिलं.)

नापास. झालं तुझ्या मनासारखं?

आईने बजावलं असताना तू आलीस. मीही आलो, पण मी निदान औषधवाल्याच्या दारात उघड उभा होतो. तू माझ्या बाजूला लपलीस. मी वळलो आणि खांदा तुझ्यावर आपटला, तेव्हा कळलं की तू आहेस. मग जे बोलणं झालं ते झालं. तेवढ्यात पलीकडे आई आणि ढमी रस्त्याच्या कडेला आल्या होत्या. रस्ता मोकळा होता, सायकलसुद्धा नव्हती. आई तीनदा चल म्हणाली. ढमी हलली नाही. तिसऱ्यांदा ती आईच्या पायांत आडवी शिरली आणि तिला उलटी फिरवून घराकडे घेऊन गेली. परीक्षक बाईंनी वहीत फुली मारली, ती मला इकडून कळली.

तू मांडीवर थाप मारली असणार. दुसरं काही कारणच नाही. आता आई घर सोडताना तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत असेल तर ये.

लोभ संपला आहे.

थोरला


५ मार्च

ती. दादास,

नमस्कार. वि. वि. काही नाही.

थाप मारायला माझा एकही हात मोकळा नव्हता. दोन्ही हात तुझ्याकडे बोटं रोखण्यात गुंतले होते. आणि मी लपले नव्हते. तुझ्या डाव्या हाताला, दीड फुटावर, उन्हात उभी होते, पिवळ्याधमक साडीत. तुला दिसले नाही यात नवल नाही. समोरचं माणूस न दिसण्याची तुझी सवय जुनी आहे.

जिभेने टक् आवाज करून तूच कुत्रीला बिचकवलंस. सामान न्यायला टेम्पो सांगितला आहे. आई माझ्याकडे येईल.

धाकटी


९ मार्च

चि. थोरल्यास आणि चि. धाकटीस,

आ. पुन्हा कार्बन घातला आहे.

दोन्ही टेम्पो परत पाठवले. एकाच सकाळी दोन आले होते. त्यांचे ड्रायव्हर जिन्यात भांडायला लागले, तेव्हा तुम्हीच आलात असं क्षणभर वाटलं.

आता नीट ऐका. त्या दिवशी कोणी थाप मारली आणि कोणी टक् केलं, यावर तुम्ही पानं भरली असतील. ढमीने तुमचं काहीही ऐकलं नाही. मी आंधळी होत चालले आहे, बहिरी नाही. रस्त्याच्या पलीकडून तुमचे दोघांचे आवाज मला स्पष्ट ऐकू येत होते, शिट्टीचा विषयही निघाला होता. ढमीच्या पाठीवरचे केस उभे राहिलेले मुठीतून जाणवले. कपाट आवरलं त्या दिवशीही ते तसेच उभे राहिले होते. मला लाज वाटली, म्हणून मी तिला मुद्दाम पुढे दामटत होते. तिने ऐकलं नाही.

वर आल्यावर परीक्षक बाई म्हणाल्या, की रस्ता मोकळा असताना कुत्रीने आज्ञा मोडली, कारण कळत नाही. मी सांगितलं, की समोर माझी मुलं होती.

बाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली. मग त्यांनी फुली खोडली आणि दुसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं. त्या म्हणाल्या, की धोका ओळखून आज्ञा मोडणं कुत्रीला पक्कं आलं आहे, असं काम त्यांनी क्वचित बघितलं. पण पोटच्या मुलांना धोका समजणारी कुत्री त्या माझ्याकडे ठेवू शकत नाहीत, कारण उद्या तुम्ही दोघं भर रस्त्यात भेटलात तर ती मला घेऊन कुठेही वळेल. २६ एप्रिलला त्या पुन्हा येणार आहेत. तेव्हाही वळली तर ढमी गेली, आणि मी तुमच्यापैकी कोणाकडेही येणार नाही. आश्रमात नाव घालून ठेवलं आहे.

जे शिकवायचं राहिलं आहे ते तुमच्याशिवाय कोणी शिकवू शकत नाही. मला तुमचा फार राग आला आहे. मायेचं नंतर बघू.

आई


१४ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ.

रोड रोलरला घाबरणाऱ्या कुत्र्यांना बाबा काय करायचे ते तुला आठवत असेल. पहिल्या दिवशी पन्नास पावलांवर बसवायचं, बिस्किट द्यायचं, परत न्यायचं. मग चाळीस. कुत्रं बिचकलं की पुन्हा मागे. हिसका नाही, ओरडा नाही. या एका बाबतीत मी बाबांशी कधी वाद घातला नव्हता.

या खेपेला रोलर आपण आहोत. दर रविवारी नऊ वाजता मी औषधवाल्याकडे, तू पाववाल्याकडे, आई आणि ढमी मध्ये. २२ तारखेला पन्नास पावलांपासून सुरुवात. बोलायचं नाही. तोंडं वाकडी करायची नाहीत, कुत्री तोंडं वाचते. बिस्किटं तू आण, तुझी तिला आवडतात. शिट्टी मी आईकडे ठेवून आलो आहे.

हे ढमीसाठी आहे, भलता अर्थ काढू नकोस.

थोरला


२७ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि.

काल पास झाल्यावर तू न बोलता निघून गेलास. बरंच केलंस, बोलला असतास तर पुन्हा पन्नास पावलांवर जावं लागलं असतं. आई आज सकाळी एकटी पाव घेऊन आली. जिना चढताना सातवी पायरी मोजली, असं तिने फोन करून दोनदा सांगितलं.

मला तुझ्याबद्दल अजून राग आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. पण पाच रविवार तुझ्याकडे नुसतं बघायचं होतं, भांडायचं नव्हतं. इतका वेळ तुझ्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. तिसऱ्या रविवारी डावीकडून सायकल आली, पाववाला ओरडला, तेव्हा कुठे तू सरकलास. चौथ्या रविवारी तू औषधवाल्याच्या फळ्यावर डावा खांदा आपटलास आणि फळा हलवून ठेवल्याबद्दल त्याच्यावर खेकसलास. फळा रोजच्याच जागेवर होता. काल आपण शेजारी उभे राहिलो तेव्हा मी मुद्दाम तुझ्या डाव्या अंगाला उभी होते, हात वर करून. तू समोर बघत राहिलास.

मार्चमध्ये मी लपले नव्हते, दादा. तुला दिसले नाही. आईचंही कडांकडूनच सुरू झालं होतं.

बुधवारी अकराची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू नाही म्हणशील म्हणून न विचारता घेतली. तुझ्या फाटकाशी साडेदहाला येते. डाव्या बाजूने चालेन.

धाकटी