लाईन सोडल्यावर

आप्पा, मी लाईनची गाडी सोडली. तुम्हाला हे आवडणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून आधी तेच लिहून टाकलं. वीस वर्षं लांब पल्ल्याच्या ट्रकवर इंदूर, लुधियाना, गुवाहाटी केली, आणि आता पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर आहे. सकाळी बेळगावच्या डेपोत टाकी भरायची, संकेश्वर, निपाणी, खानापूर, कधी जांबोटीच्या वाटेवरचा एखादा पंप, तिथं रिकामी करायची आणि दिवस मावळायच्या आत निपाणीला घरी. तुम्ही म्हणायचात, "लोकल फेरीवर कोण जातंय? ज्याची नजर गेली, न्हायतर उमेद गेली, त्यो." माझी नजर अजून चांगली आहे. उमेदीचं खरं सांगता येत नाही. पण मी गेलो तो त्या दोन्हींपायी नाही.

टँकर घेऊन तवंदीचा घाट उतरताना रोज तुमची आठवण येते. लायसन हातात येऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. खानापूरहून कौलं भरून आपण निपाणीकडं येत होतो, गाडी माझ्या हातात होती आणि तुम्ही शेजारी बसला होतात. घाट लागला तसा मी डिझेल वाचवायला गेर काढून गाडी मोकळी सोडली. सगळेच सोडायचे. तुम्ही एवढंच म्हणालात, "बाजूला घे." मला वाटलं, लघवीला उतरताय. तुम्ही खाली उतरलात, टॉवेल खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, "पयल्या गेरात माझ्या मागनं ये." आणि रस्त्याच्या कडेनं गाडीच्या पुढं चालायला लागलात. मागून हॉर्नवर हॉर्न वाजतायत, लोक खिडकीतून डोकी काढून शिव्या देतायत, आणि तुम्ही एकदाही मागं वळून बघत नाही. पायातल्या चपला फटफट वाजवत तुम्ही तो अख्खा घाट उतरलात. खाली आल्यावर गाडीत चढलात, पाणी प्यालात आणि म्हणालात, "म्होरं कायम आपलंच माणूस चालतंय आसं समजायचं." तुम्ही मला कधी हात लावला नाहीत, पण त्या दिवशीइतका मार मी आयुष्यात खाल्ला नाही.

तर लाईन का सोडली ते सांगतो. आईला विसर पडायला लागून तीनेक वर्षं झाली. आधी चुलीवरचं दूध विसरायची, मग शेजारणीची नावं, मग दिवस. मी पंधरा-वीस दिवसांनी घरी यायचो तेव्हा ती मला थोडी थोडी कमी झालेली दिसायची. माझ्या बायकोला ते रोज दिसत होतं, पण ती फोनवर म्हणायची, "बऱ्या हाईत, तुमी गाडीवर ध्यान ठेवा." मग एका दुपारी इंदूरच्या अलीकडं वजनकाट्यावर गाडी लावून उभा होतो, तर तिचा फोन आला आणि पहिल्यांदा ती रडत होती. आई घरातून निघून गेली होती. फडक्यात दोन भाकऱ्या आणि झुणका बांधून ती हायवेवर, जिथं पूर्वी ट्रक थांबायचे तिथं जाऊन बसली होती. चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं तर म्हणाली, "त्येंची गाडी यायची हाय आज." त्या माणसानं ओळखलं म्हणून बरं. तो तिला चहा पाजून घरी घेऊन आला. मी इंदूरला उभा होतो, आप्पा. तिथून पळत यायचं म्हटलं तरी दोन दिवस. तुम्ही गेलात तेव्हाही मी असाच लांब होतो, तिसऱ्या दिवशी पोचलो, तुमचं तोंड दिसलं नाही. तो माल पोचवला आणि परत येऊन मालकाच्या हातात किल्ली दिली.

टँकरवर जायचं म्हणजे वेगळं शिक्षण लागतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी तीन दिवस बेळगावात बाकावर बसलो, वहीत आगीचे प्रकार उतरवून घेतले. डेपोत एक म्हातारे कानडी सुपरवायझर आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी माझं लायसन बघितलं आणि म्हणाले, "लाईनवरची माणसं हितं टिकत न्हाईत. त्यांना पळायची सवय." त्यांचं खरं होतं. इथं पळायचं कामच नाही. पंपावर गेलं की इंजिन बंद करायचं, ठिणगी पडू नये म्हणून जमिनीची तार टाकीला लावायची आणि आतलं तेल हलायचं थांबेपर्यंत दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं. त्याशिवाय माप घ्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात ती दहा मिनिटं मला खायला उठायची. एकदा नंदगडकडच्या पंपावर मी पाचव्याच मिनिटाला झाकणाकडं निघालो तर पंपावरची बाई म्हणाली, "बसा की वो, तेल कुटं पळून जात न्हाय." आता बसतो. झाडं बघतो. जांबोटीकडं गेलो तर पंपामागं म्हशी चरत असतात, त्या बघतो. वीस वर्षांत एवढा देश फिरलो, पण अशी एका जागी दहा मिनिटं बसून कुठलीच जागा बघितली नव्हती. तुम्ही तरी बघितली होती का?

टँकरवर लागल्याच्या पहिल्याच संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तर आई पुढच्या सोप्यात बसली होती. माझ्याकडं बघून तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलासा? एवढ्या बिगी?" मला कळायला वेळ लागला. मला तुमच्यासारखंच टक्कल पडलंय, मिशीही तशीच आहे. मी म्हणालो, "आई, मी हाय. आप्पा जाऊन लई वर्सं झाली." तिनं विचारलं, "कवा?" आणि मग ती तशी रडली जशी त्या वेळीसुद्धा रडली नव्हती. तिच्यासाठी तुम्ही त्याच क्षणी गेला होतात. ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. मी दारात आलो तशी परत म्हणाली, "आलासा?" तेव्हापासून मी नुसतं "व्हय" म्हणतो. ती मला पाणी देते, कुठनं आला विचारते. मी सांगतो, खानापूरहून. ती म्हणते, "जवळच की." तिला त्याचं एवढं बरं वाटतं की बघवत नाही.

गेल्या आठवड्यात मी जेवत होतो आणि ती समोर बसली होती. एकदम म्हणाली, "एक बोलू का? पोरगं झालं तवा तुमी नव्हता. बारशालाबी नव्हता. मी वखारीत बायकांस्नी सांगायची, गाडी लांब गेलीया म्हणून. पर मला लई वाईट वाटलं हुतं." तिच्या आवाजात राग नव्हता. एवढी वर्षं ती तंबाखूच्या वखारीत राबली, घर ओढलं, आणि हे तुम्हाला कधी बोलली असेल असं मला वाटत नाही. ती माझ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत. मग मी म्हणालो, "चुकलं माझं." तिनं माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "आसू दे. आता हाईसा न्हवं घरात."

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं. तरी लिहिलं, कारण तुमच्या वतीनं मी माफी मागितली आणि तुम्हाला विचारलं नाही. आणखी एक आहे, तेही सांगतो. त्या वेळी माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमची पोरगी झाली तेव्हा मी गुवाहाटीला होतो. "चुकलं" म्हणताना मी आईकडं बघत नव्हतो, आप्पा.